चाकाची परीक्षा : पाबळच्या वाटेवरील एका विद्येचा इतिहास

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शिक्रापूरला उत्तरेस वळले म्हणजे जे पाबळ लागते, त्याची ओळख इतिहासग्रंथांतून मस्तानीच्या नावाने झालेली आहे. पहिल्या बाजीरावाने तिला दिलेल्या इनामांत पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे होती. १७४० च्या एप्रिल महिन्यात रावेरखेडीस बाजीरावाचा अंत झाल्यावर अल्पावधीतच तिचाही देह पडला, आणि तिची कबर आजही पाबळास आहे. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत पाबळ हे काही काळ स्वतंत्र तालुक्याचे नाव होते व नव्या जमाबंदीची मोजणी १८४० च्या मागेपुढे या तालुक्यातून झाली. इनामाचे कागद, महसुलाचे आकडे, सारामाफीचे हुकूम यांच्या आधाराने या मुलुखाचा इतिहास लिहिणारे विद्वान पुष्कळ झाले, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ज्या चाकांवरून तो सारा आणि ते धान्य कचेरीपर्यंत व बाजारापर्यंत गेले, ती चाके कशी बिघडत, तो बिघाड कोण ओळखी आणि कोणत्या लक्षणांवरून ओळखी, ही विद्या दप्तरदारांच्या नजरेस कधी आली नाही, कारण ती कागदावर उतरविण्याची नव्हतीच. ती हाताने हाताला दिली जात होती. माझ्या मते तिचा अधिकार इनामाच्या सनदेपेक्षा तिळमात्र उणा नाही, आणि पाबळसारख्या ठिकाणी तर तिला पुढे जे भाग्य लाभले ते अन्यत्र क्वचितच लाभले.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील या उघड्या, अवर्षणग्रस्त मुलुखात चाक उशिराच रुळले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लांबच्या मालाची ने-आण मुख्यतः वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर चाले. बोरघाटातील गाडीरस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, खुला झाला. आणि पुढे पाच-सहा वर्षांनी गोल्डस्मिड व विंगेट यांनी याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात नव्या जमाबंदीची पाहणी आरंभिली, तेव्हा गावोगावचा गाडा म्हणजे भरीव चाकांचा, कित्येक ठिकाणी तर दगडी चाकांचा, असा एक अवजड सांगाडा होता की जो ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि ज्याची किंमत एका कुणब्यास झेपत नसे. पाहणी-खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली सोलापूरकडील टेंभुर्णी येथे आऱ्यांच्या हलक्या चाकांच्या गाड्या बनविण्याचा कारखाना निघाला. त्या नमुन्याची गाडी एका जोडीने ओढता येई, आणि पाहता पाहता ती दख्खनच्या रयतेची झाली. जमाबंदीच्या इतिहासात या कारखान्याचा उल्लेख ओझरता येतो. मला मात्र साऱ्याच्या दरांहून त्याचे महत्त्व अधिक वाटते.

हलके चाक आले आणि त्याबरोबर चाकाची परीक्षाही आली. भरीव चाक फुटते किंवा फुटत नाही. त्यात ओळखण्यासारखे फारसे काही नसते. पण तुंबा, आरे, पुठ्ठे आणि त्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव अशा अनेक अवयवांचे चाक हे अनेक प्रकारांनी रोगी होऊ शकते, व प्रत्येक रोगाचे लक्षण वेगळे. फाल्गुन-चैत्राच्या उन्हाने लाकूड आटले की धाव सैल होते आणि खडकाळ वाटेवर तिचा एक किणकिणाट ऐकू येऊ लागतो. तो कानी पडताच जाणता गाडीवान चाके ओढ्याच्या डोहात भिजत घाली, आणि तेवढ्याने भागले नाही तर लोहाराकडे धाव उतरवून, कापून, पुन्हा तापवून चढवावी लागे. सुतार प्रत्येक आऱ्यावर हातोडीचा हलका ठोका मारी: घट्ट आऱ्याचा नाद एक, सैल आऱ्याचा दुसरा. तुंब्यातली लोखंडी नळी झिजली म्हणजे चाक कण्यावर डुलू लागे, आणि हे डुलणे गाडीत बसलेल्यास जाणवण्याच्या आधी मागच्या धुळीत दिसे. सरळ उमटावयाची चाकोरी नागमोडी उमटू लागे. कणा एका अंगाने वाकला असेल तर गाडी सदैव त्या बाजूस ओढ घेई आणि त्या अंगाच्या बैलाच्या खांद्यावर जुवाचा घट्टा वाढे. मोटारीचा आजचा मिस्त्री ज्या चार गोष्टींचा तपास करतो, म्हणजे आवाज, खेळ, ओढ आणि झीज, त्या चारही गोष्टी पाबळ-केंदूरच्या सुतार-लोहारांना वंशपरंपरेने ठाऊक होत्या. वर्षाच्या बलुत्यात ज्याला चार पायल्या धान्य मिळे तो कारू गावच्या सगळ्या चाकांचा वैद्य होता, असे म्हणण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही.

बैलगाडीत दोन गोष्टी मात्र नव्हत्या: सुकाणू आणि पाटे. बैल वळतात आणि दोन चाकांची गाडी त्यांच्यामागे वळते, म्हणून सुकाणूची गरज पडत नाही. आणि धान्याच्या पोत्यांना हादऱ्याचे दुःख नसते, म्हणून पाट्यांची पडत नाही. माणसे वाहणाऱ्या टांग्याला पोलादी पाटे आले ते विलायती बग्गीच्या अनुकरणाने. दोन कमानी समोरासमोर जोडून केलेल्या पाट्यांचे पेटंट ओबडाया इलियट याने १८०४ साली इंग्लंडात घेतले होते. चार चाकांच्या वाहनाचे वळणे हा त्याहून सूक्ष्म प्रश्न होता. वळणावर आतले चाक लहान वर्तुळ काढते आणि बाहेरचे मोठे. तेव्हा पुढील दोन्ही चाके सारख्याच कोनात वळविली तर त्यांपैकी एकाला जमिनीवर घासत जावे लागणार हे उघड आहे. म्युनिकचा गाडीकार गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने दोन्ही चाकांना स्वतंत्र खुंटीवर वळविणारी आणि आतल्या चाकास अधिक कोन देणारी जी रचना योजिली, तिचे पेटंट रुडॉल्फ आकरमान याने लंडनमध्ये १८१८ साली घेतले. त्याच साली पुण्यात पेशवाई संपली होती. त्या रचनेची गाडी पाबळच्या वाटेवर येण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावयाचा होता. पण ती आल्यावर येथल्या माणसाने तिची लक्षणे वाचण्यास फार वेळ लावला नाही, आणि याचे कारण वर सांगितलेली जुनी परंपरा हे होय.

मोटार या भागात सर्वसामान्यांची झाली ती १ जून १९४८ नंतर. त्या दिवशी राज्य परिवहनाची पहिली बस नगर आणि पुणे यांच्या दरम्यान धावली. बेडफर्डच्या चेसिसवर लाकडी सांगाडा आणि काथ्याच्या बैठका अशी ती गाडी शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर या मार्गाने गेली. आडगावात मात्र मोटार शिरली ती बहुधा जीपच्या रूपाने. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या, स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजची जीप जोडण्यास आरंभ केला, आणि १९५२ साली समूहविकास योजना व १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप ही सरकारच्या आगमनाची खूण होऊन बसली. त्याच जीपगाड्या आयुष्य सरत आल्यावर पुन्हा लिलावात निघत, खाजगी मालकाच्या हाती जात आणि बाजाराच्या दिवशी माणसांनी गच्च भरून वडाप म्हणून धावत. तोवर १९७२ चा दुष्काळ आला. ज्या स्त्री-पुरुषांची शेते करपली होती त्यांनीच खडी फोडली आणि मुरूम पसरला, आणि पुढे रोजगार हमीच्या कायद्याने त्या कामास स्थैर्य आले. शिरूर तालुक्यातील कित्येक गावांची पहिली मोटारवाट दुष्काळी कामावरच्या मजुरांनी घडविलेली आहे. या वाटेवर पावसाळ्यानंतर चाकांच्या मार्गात आडव्या लाटा उठत आणि गाडीचा प्रत्येक सांधा त्या लाटांवर मोजून मोजून झिजे.

जीपची पुढची रचना या झिजेचे एक पुस्तकच होते. अखंड एक्सल, त्याच्या दोन टोकांस किंगपिन, चारही चाकांवर पाटे, आणि सुकाणूच्या पेटीपासून चाकापर्यंत ड्रॅग लिंक, मधला बेलक्रँक आणि टायरॉड अशी सांध्यांची साखळी. या साखळीच्या प्रत्येक कडीत केसभर खेळ पडला तरी चालकाच्या हातात सुकाणूचे चक्र बोटभर मोकळे फिरे. अर्धकच्चा कारागीर अशा वेळी सुकाणूच्या पेटीवरील स्क्रू आवळून मोकळा होई. परिणाम घातक होई, कारण पेटीतील दाते सर्वाधिक झिजतात ते सरळ धावण्याच्या मधल्या जागी, आणि तेथला खेळ नाहीसा होईपर्यंत स्क्रू आवळला की पूर्ण वळणावर, जेथे दाते झिजलेले नसतात, तेथे सुकाणू अडकू लागते. खरा मिस्त्री तपासाचा आरंभ पेटीपासून करीत नसे. तो चाकापासून वर चढे. चाक जॅकवर उचलून, वर आणि खाली हात धरून हलवावयाचे: हालले तर दोष बेअरिंगात किंवा किंगपिनात. त्याच वेळी कोणाला तरी ब्रेक दाबावयास सांगावयाचा: खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. मग डावी-उजवीकडे धरून हलवावयाचे: येथे खडखडले तर टायरॉडचा सांधा. शेवटी चाके जमिनीवर टेकवून पोऱ्याने सुकाणू किंचित इकडे-तिकडे हलवीत राहावयाचे आणि उस्तादाने गाडीखाली आडवे होऊन एकेका सांध्यावर तळहात ठेवीत जावयाचे. जो सांधा हाताखाली ‘बोलतो’ तो अपराधी. या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नाही. सरकारने १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुकाणूचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा अधिक असू नये अशी मर्यादा घालून दिली. चांगला मिस्त्री त्याच्या पुष्कळ आधीच गाडी अडवून ठेवी, आणि हा निष्ठुरपणा त्याला शोभून दिसे, कारण घाटातल्या वळणावर तुटलेला रॉड कोणाचीही गय करीत नाही.

पाट्यांची लक्षणे निराळी. पाट्यांची चळत मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट तुटला आणि यू-बोल्ट सैल असले की एक्सल आपल्या जागेवरून सरकतो. मग गाडी रस्त्यावर सरळ जाते पण तिचे अंग तिरके असते, आणि ओल्या मातीत मागच्या चाकांचा माग पुढच्या चाकांच्या मागावर बसत नाही. धुळीतली चाकोरी वाचणाऱ्या गाडीवानाच्या नातवाला ही खूण नवी वाटण्याचे कारण नव्हते. गाडी एका कुशीवर झुकली तर एखादे पान तुटले आहे. खड्ड्यात ‘धप्प’ असा आवाज आला तर शॅकलचा बुश गेला आहे. कोरडी कुरकुर आली तर पानांत वंगण नाही. गाडी एका बाजूस ओढते तेव्हा प्रथम हवा पाहावी, मग थोडे अंतर चालवून चाकाच्या ड्रमला हात लावावा, कारण चिकटलेला ब्रेक तापतो. त्यानेही उलगडा न झाल्यास पुढील दोन चाके आपसांत बदलावीत, आणि ओढ दिशा बदलते की काय ते पाहावे: बदलली तर दोष टायरचा, न बदलली तर बांधणीचा. या क्रमात जे तर्कशुद्ध विवेचन आहे, एकेक कारण वगळत जाऊन उरलेल्या कारणावर बोट ठेवण्याची जी शिस्त आहे, ती प्रयोगशाळेतील शिस्तीहून भिन्न नाही. दुर्दैवाने आपल्या शाळांना ती तशी कधी दिसली नाही. किंगपिन ओळखणारा मुलगा दहावीला नापास झालेला असे, आणि दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला घरच्या पंपाचा नट कोणत्या दिशेने फिरतो हे ठाऊक नसे. हे आपल्या शिक्षणव्यवस्थेचे जुने आणि लाजिरवाणे व्यंग आहे, आणि त्याची चीड ज्या एका माणसास पाबळपर्यंत घेऊन आली त्याचे नाव डॉ. श्रीनाथ कलबाग.

इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट घेतलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात दीर्घकाळ काम केलेले कलबाग निवृत्तीनंतर १९८३ साली, पत्नी मीराताई यांच्यासह, पाबळच्या माळावर येऊन राहिले आणि जे. पी. नाईक यांनी स्थापिलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अवर्षणग्रस्त, ना शहराजवळचे ना अगदी दुर्गम, असे हे गाव भारतातील असंख्य गावांचा प्रातिनिधिक नमुना आहे, हाच त्याच्या निवडीमागील विचार. त्यांची श्रद्धा अशी की माणूस हाताने काम करता करता जे शिकतो ते त्याच्या बुद्धीचे होते. म्हणून आश्रमात शाळा सोडलेल्या मुलांनी वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, आरोग्य असे सर्वच विषय शिकावयाचे, आणि तेही गावाची खरी कामे खरा मोबदला घेऊन करता करता. शेजारच्या माध्यमिक शाळांतील आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातील एक दिवस अशा कामासाठी मिळू लागला. भूगर्भातील पाण्याचा शोध विद्युत्-रोधमापनाने घेणारी आणि अर्धगोल घुमटांची घरे बांधणारी मुले याच आश्रमातून तयार झाली.

या आश्रमाने केलेल्या कामांपैकी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘मेकबुल’. मोठा ट्रॅक्टर ज्याला परवडत नाही आणि बैलजोडी पोसणे ज्याला दुष्काळात कठीण जाते, अशा लहान शेतकऱ्यासाठी जुन्या जीपचे सुटे भाग आणि डिझेल इंजिन यांच्या जुळणीतून तयार केलेला हा छोटा ट्रॅक्टर. यंत्र म्हणून त्याची मीमांसा अन्यत्र झालेली आहे. मला त्यातील शिक्षणाचे अंग दाखवावयाचे आहे. नव्या भागांतून यंत्र जोडणाऱ्यास नकाशा पुरतो. जुन्या भागांतून यंत्र जोडणाऱ्यास मात्र आधी परीक्षक व्हावे लागते: भंगारात पडलेल्या दहा एक्सलांपैकी कोणता सरळ आहे, कोणत्या किंगपिनाची झीज बुश बदलून भरून निघेल, कोणती सुकाणूची पेटी मधोमध इतकी खाल्ली गेली आहे की तिला आवळण्यात अर्थ नाही, हे ठरविल्यावाचून त्याचे काम एक पाऊलही पुढे सरकत नाही. उस्तादाच्या तळहातात असलेले ज्ञान येथे प्रथमच वर्गाच्या फळ्यावर आले, त्याला कारणमीमांसेची जोड मिळाली, आणि त्याचे प्रमाणपत्रही मिळू लागले. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या साहाय्याने तिच्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब पाबळास निघाली, तेव्हा जगाचे लक्ष इकडे वळले. परंतु संगणकाने कापणाऱ्या त्या यंत्रांच्या शेजारी ग्रीसने माखलेली कार्यशाळा जवळजवळ वीस वर्षे आधीपासून उभी होती, हे विसरून चालणार नाही. ३० जुलै २००३ रोजी कलबाग निवर्तले. आश्रम चालू आहे.

ज्या १९८३ साली कलबाग पाबळास आले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि मिस्त्रीच्या विद्येचे स्वरूपच पालटले. किंगपिन गेला आणि त्याच्या जागी बंद डबीतला बॉल जॉइंट आला. पुढचे पाटे गेले आणि स्प्रिंग व शॉकअप एकाच नळीत बसले. सुकाणूच्या पेटीऐवजी दाते पाडलेली एक आडवी दांडी आली. ॲम्बॅसेडरात अशी दांडी पूर्वीपासून होती, पण खेड्यात ॲम्बॅसेडर पाहुणी म्हणून येई. मारुती मात्र घरची झाली. जेथे ग्रीस भरण्याचे निप्पलच नाही तेथे जपणूक संपते आणि बदलणे सुरू होते: रबरी बूट फाटला, आत धूळ शिरली, की महिन्या-दोन महिन्यांत सांधा निकामी. म्हणून नव्या मिस्त्रीची नजर प्रथम बुटाकडे जाते, आणि दुसरी टायरकडे. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले, आणि पृष्ठभागावर जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअपने आपले काम सोडलेले. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा हेलकावली तर शॉकअप संपला, हीही परीक्षा याच काळात सर्वतोमुखी झाली. ठराविक वेगाला सुकाणू थरथरते व वेग वाढविला की थांबते, हा चाकाच्या वजनातील असमतोलाचा गुण. वेग कसाही असो, खड्डा लागताच जे लटपटते ते सांध्यांच्या खेळाचे.

आज पाबळच्या पश्चिमेस चाकण आणि पूर्वेस रांजणगाव अशी मोटारींच्या कारखान्यांची दोन मोठी ठाणी आहेत, आणि ज्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी गाडीचे चाक सुतार घडवी, तेथली मुले आता दुचाकींपासून मालमोटारींपर्यंतच्या जुळणीच्या साखळीवर पाळीपाळीने उभी राहतात. नव्या गाड्यांत सुकाणूला विजेच्या मोटरीचे साहाय्य असते. त्यामुळे चक्र एका बोटाने फिरते, पण रस्त्याकडून हाताकडे येणारा निरोपही त्या मोटरीत अर्धामुर्धा विरून जातो. घट्ट झालेला सांधा पूर्वी चालकाच्या खांद्याला कळे. आता मोटर त्याचे ओझे मुकाट्याने उचलते आणि दोष वाढून बसेपर्यंत कोणास पत्ता लागत नाही. अशा गाडीत फलकावरचा दिवा विजेचा बिघाड दाखवितो, सांध्याची झीज दाखवीत नाही. म्हणून टायरॉडचा सांधा तपासावयाचा तर आजही चाक उचलून, दोन्ही बाजूंनी धरून हलवावेच लागते, आणि गाडीखाली आडवे होऊन त्या सांध्यावर हात ठेवणारा दुसरा कोणी तरी लागतोच.